दाराच्या चौकटीची घरच्या घरी दुरुस्ती

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्या शिकवणाऱ्या बाईने पीक सोडून दाराच्या चौकटीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु धान्य साठवणुकीच्या कार्यक्रमांसाठी गावोगाव जाताना एक गोष्ट वारंवार दिसते. धान्य चांगले वाळवलेले असते, कणगी लिंपून घेतलेली असते, खोलीला भक्कम कुलूप असते आणि त्याच खोलीच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग कुजून गेलेला असतो. बोटाने दाबला तर भुसा पडतो. तेवढ्या फटीतून उंदीर आत जातात, घूस तीच फट मोठी करते आणि त्यांच्या मागे साप येतो. कुलूप वर आणि वाट खाली, असा प्रकार असतो. म्हणून साठवणुकीचा विचार करताना कोठीइतकाच कोठीच्या दाराचाही विचार करावा लागतो.

अशी चौकट दिसली की घरातील माणसे बहुधा दोनच गोष्टी करतात. एक तर पोकळीत सिमेंट कोंबतात, किंवा पूर्ण चौकट उपटून नवी बसवायचे ठरवतात आणि पैशांअभावी ते काम दरवर्षी पुढे ढकलतात. सिमेंट कोंबण्याचा काहीही उपयोग होत नाही. आतील लाकूड ओलेच राहते आणि कुज वर सरकत जाते. पूर्ण चौकट काढण्याचीही सर्वसाधारणपणे गरज नसते. वरचे पाच फूट लाकूड ठणठणीत असते. खराब झालेला असतो तो पाय, आणि पाय बदलता येतो.

प्रथम हे पायच का कुजतात ते पाहू. झाड उभे असताना ज्या बारीक नळ्यांतून मुळांनी शोषलेले पाणी शेंड्याकडे जाते, त्या नळ्या लाकूड कापल्यावरही राहतात. लाकडाच्या बाजूने पाणी फार सावकाश आत शिरते, पण कापलेल्या टोकाने ते भराभर ओढले जाते. चौकटीच्या दोन्ही उभ्या लाकडांचे, म्हणजे बाह्यांचे, कापलेले टोक नेमके खाली जमिनीत किंवा फरशीत असते. जमिनीतील ओल केशाकर्षणाने वर चढते, हे आपण शेतात पाहतोच. काळ्या चिकण जमिनीत ती बरीच वर चढते. घराचा पाया दगड-मातीचा असेल तर तीच ओल भिंतीच्या बुडाशी येते आणि बाही ती पिऊन घेते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर लाकूड कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. धान्य साठवताना आपण ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणतो, तोच न्याय येथे लागू आहे. कोरडे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. जुन्या वाड्यांची दारे याची साक्ष देतात.

दुसरे कारण भगिनींच्या रोजच्या कामाशी जोडलेले आहे. सकाळी अंगणात सडा पडतो, उंबरठा धुतला जातो, रांगोळी निघते. ती थांबवा असे मी मुळीच म्हणणार नाही, माझ्या घरीही उंबरठा धुतला जातो. फक्त हे पाणी जाते कोठे, ते पाहावे. उंबरठ्याच्या दोन्ही टोकांना, जेथे तो बाहीला मिळतो, तेथे पाणी साठते. वर्षाचे ३६५ दिवस तो कोपरा ओला राहतो. पावसाळा चारच महिन्यांचा असतो, सडा मात्र बारमाही असतो. तेव्हा दाराबाहेरची जमीन अंगणाकडे उतरती हवी, हातभर अंतरात निदान दोन बोटे उतार असावा. अनेक घरांत अंगण वर्षानुवर्षे भर घालून वाढवले जाते आणि शेवटी अंगण उंबरठ्याच्या बरोबरीला येते. मग पावसाचे पाणीही त्याच कोपऱ्याला येते. चौकट दुरुस्त करायची आणि अंगण तसेच ठेवायचे, तर ही दुरुस्ती चार-पाच वर्षांनी पुन्हा करावी लागेल.

आता रोग ओळखण्याकडे वळू. पिकावर फवारणी करण्यापूर्वी कीड आहे की बुरशी हे आपण पाहतो, तसेच येथेही करावे. एक दाभण किंवा जुना पेचकस घ्यावा आणि बाहीच्या तळापासून वर चार-चार बोटांवर टोचत जावे. हातोडीच्या दांड्याने ठोकूनही पाहावे. निकोप लाकूड खणखणीत वाजते, खराब लाकूड बद्द वाजते. लाकूड तपकिरी पडलेले, आडव्या-उभ्या भेगांनी चौकोनी तुकडे झालेले आणि हाताने चुरगळणारे असेल तर ती बुरशीची कुज होय. आत माती भरलेली असेल, लाकडाचे पापुद्रे शिल्लक राहून मधला भाग खाल्लेला असेल आणि भिंतीवर मातीच्या नळ्या चढलेल्या असतील तर ती वाळवी. आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके असून खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा समजावा. भुंगेरा मुख्यतः लाकडाच्या बाहेरच्या फिकट भागात, म्हणजे रसकाष्ठात लागतो. आतील गडद गाभ्याला तो सहसा तोंड लावत नाही. सागाची चौकट असूनही भुंगा लागला अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा बहुतेक वेळा सुताराला मिळालेले लाकूड कोवळ्या झाडाचे, फिकट असते. नाव सागाचे, पण गाभा थोडा, असा तो माल असतो.

टोचत जाताना जेथे दाभण आत जायचे थांबेल तेथे खडूने खूण करावी. त्या खुणेच्या वर आणखी १० ते १५ सें.मी. निकोप लाकूड सोडून मग काप घ्यावा. कुजीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. ही खूण बाहीच्या एक-तृतीयांश उंचीपेक्षा वर गेली असेल किंवा वरच्या आडव्या लाकडालाच वाळवी असेल, तर हे काम घरी करू नये. तेथे सुतारच हवा.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यायची आहे आणि ती लक्षपूर्वक ऐकावी. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात जुनी घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आहेत. अशा भिंतीत दारावरचे ओझे वरच्या आडव्या लाकडावर आणि त्यातून बाह्यांवर उतरलेले असते. वर दगड एकमेकांना केवळ मातीने धरलेले असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशा भिंतींनी किती माणसे गाडली हे आपण विसरलेलो नाही. म्हणून अशा घरात चौकट ओढून काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. बाहीचा पाय कापण्यापूर्वीही वरच्या आडव्या लाकडाखाली, आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंनी, जाड वाशाचे टेकू द्यावेत. टेकूच्या खाली फळी ठेवावी आणि दोन्ही बाजूंनी पाचरी मारून तो घट्ट करावा. एका वेळी एकच बाही हाती घ्यावी. ती पूर्ण होऊन जोड सुकला की मगच दुसरी. भिंतीला दाराच्या कोपऱ्यातून वर जाणारी तिरकी भेग असेल तर लाकडाला हात न लावता आधी गवंड्याला दाखवावे.

ही कामे रब्बीची काढणी आटोपल्यावर, चैत्र-वैशाखात करावीत. लाकूड तेव्हा सर्वांत कोरडे असते आणि मृगापूर्वी रंग वाळायला वेळ मिळतो.

जोडण्यासाठी लाकूड कोठून आणावे, हा पुढचा प्रश्न आहे. बांधावरची बाभूळ तोडून लगेच तिचा तुकडा बसवला तर काय होते ते अनेकांनी पाहिले असेल. लाकूड वाळताना आडवे आकसते, जोड उघडतो आणि त्या फटीत पुन्हा पाणी जाते. सावलीत, हवेशीर जागी, खाली टेकण देऊन रचलेले लाकूड वाळायला जाडीच्या दर २.५ सें.मी.ला साधारण एक वर्ष लागते. एवढे थांबणे शक्य नसते. मात्र आपल्या गोठ्याच्या माळ्यावर वाळलेले लाकूड पडलेले असते, त्याकडे आपले लक्ष जात नाही. ट्रॅक्टर आल्यापासून अडगळीत गेलेले कुळवाचे दिंड, नांगराचे इसाड, बैलगाडीचे जू, जुन्या छपराचा सागवानी वासा ही लाकडे वीस-तीस वर्षे वाळलेली असतात आणि गावच्या सुताराने ती पारखून घेतलेली असतात. त्यातला निकोप, गाभ्याचा भाग घ्यावा. आधी सर्व खिळे काढावेत, नाहीतर करवतीचे दाते जातील. मनाला थोडे लागते हे खरे, ज्या जुवाखाली बैल चालले ते करवतीखाली धरायचे. पण उकिरड्यावर कुजण्यापेक्षा घराच्या दारात उभे राहणे बरे, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष काम. दाराची फळी दोघांनी मिळून बिजागरीतून उतरवून ठेवावी. बाहीची मापे घ्यावीत. खेड्यातील चौकटी बहुधा १० × ७.५ सें.मी., म्हणजे चार इंच बाय तीन इंचाच्या असतात. नव्या तुकड्याची जाडी-रुंदी तंतोतंत तेवढीच ठेवावी. जोड आडवा सरळ कापून, टोकाला टोक लावून करू नये, तो कधीच टिकत नाही. आपण आंब्याला कलम बांधतो तेव्हा दोन्ही काड्यांना लांब काप देतो, कारण जितका काप लांब तितका सांधा भक्कम. येथेही तेच करावे. बाहीचा अर्धा भाग आणि तुकड्याचा अर्धा भाग असे एकमेकांवर बसतील असा अर्धाअर्धी जोड घ्यावा आणि त्याची लांबी किमान २० सें.मी. ठेवावी. जोडाच्या वरच्या आणि खालच्या आडव्या कडा अगदी सपाट न ठेवता बाहेरच्या बाजूला किंचित उतरत्या कापाव्यात. त्यामुळे बाहीवरून ओघळलेले पाणी जोडात न जाता बाहेर निघते. सुतार ही काळजी न सांगता घेतो. आपल्याला ती मुद्दाम घ्यावी लागते.

भिंतीला लागून असलेली बाही करवतीने कापताना भिंतीकडच्या बाजूला दाते पोहोचत नाहीत. तेथे पटाशीने थोडे थोडे काढावे, घाई करू नये. काप घेतल्यावर बाहीमागची पोकळी झाडून साफ करावी, ओली माती खरवडून काढावी आणि दोन-तीन दिवस तसेच उघडे ठेवून हवा लागू द्यावी. बहुतेक जण एका दिवसात काम संपवण्याच्या नादात हे दिवस गाळतात आणि ओल आतच कोंडून टाकतात.

नवा तुकडा प्रथम कोरडाच बसवून पाहावा. सूत जाईल एवढी फट चालते, सुतळी जाईल एवढी चालत नाही. मग दोन्ही बाजूंना पाण्याने न सुटणारा सरस लावावा. साधा पांढरा सरस ओलीत सुटतो, म्हणून विकत घेताना डब्यावर जलरोधक असे लिहिलेले पाहावे. जोडातून आरपार दोन भोके पाडून ८ किंवा १० मि.मी. जाडीचे बोल्ट वायसरसह आवळावेत. दोन्ही बोल्ट एकाच उभ्या रेषेत घेऊ नयेत, थोडे तिरपे घ्यावेत. एका रेषेत भोके पाडली तर लाकूड त्या रेषेवर चिरते. बोल्ट आणि स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत. बाभळीच्या लाकडात टॅनिन भरपूर असते, साध्या लोखंडाशी ओलीत त्याचा संयोग होऊन लाकूड काळे पडते आणि खिळाही खातो.

तुकड्याचे खालचे टोक हा या दुरुस्तीचा जीव आहे. ते मातीत किंवा फरशीत गाडू नये. खाली एक सपाट, घट्ट दगड किंवा सिमेंटचा ठोकळा बसवावा. तो आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान ३ ते ५ सें.मी. उंच असावा, आणि बाही त्यावर टेकवावी. टोकाला आणि भिंतीकडच्या बाजूला पातळ केलेल्या डांबराचे दोन-तीन हात द्यावेत, पहिला हात लाकडात पूर्ण जिरल्यावरच दुसरा. कोकणात या कामी काजूच्या टरफलाचे तेल वापरण्याची जुनी पद्धत आहे आणि ती चांगली आहे. मात्र ते तेल कातडीला भाजते, हातमोजे वापरावेत. पायाला पत्रा गुंडाळण्याची हौस काही ठिकाणी दिसते. पत्र्याच्या आत पाणी कोंडते आणि लाकूड दुप्पट वेगाने जाते. पत्रा लावायचाच तर दाराच्या फळीच्या खालच्या कडेला वीतभर उंचीची पट्टी लावावी. तेथे तो उंदराच्या दातांपासून खरा उपयोगी पडतो. ६ मि.मी. फटीतूनही लहान उंदीर आत येतो, हे लक्षात घेऊन फळी आणि उंबरठा यांतील अंतर ठेवावे.

भिंत आणि बाही यांतील पोकळी कशाने भरावी? भिंत मातीची असेल तर गवत-भुसा घालून मळलेल्या मातीने किंवा चुन्याने भरावी. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की आतील ओल बाहेर निघू शकत नाही, ती लाकडाची वाट धरते. पक्क्या विटांच्या भिंतीला सिमेंट चालेल.

वाळवी असेल तर नवे लाकूड बसवण्यापूर्वी तिचा बंदोबस्त करणे अत्यावश्यक आहे. भिंतीवरच्या मातीच्या नळ्या मोडून समाधान मानू नये. वाळवीचे घर जमिनीत असते, नळी ही तिची पाऊलवाट आहे. आठवड्यात ती दुसरी बांधते. तरीही नळी मोडून पाहावी, कारण पुन्हा बांधली गेली तर वाळवी जिवंत आहे हे कळते. इमारतीतील वाळवीसाठी इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी हे औषध १ लिटर पाण्यात २.१ मि.लि. या प्रमाणात वापरतात. पिकावर वापरायचे इमिडाक्लोप्रिड बहुधा वेगळ्या तीव्रतेचे असते, ते येथे वापरू नये. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर ३० सें.मी. अंतराने भोके पाडून प्रत्येक भोकात सुमारे १ लिटर द्रावण सावकाश जिरवावे आणि भोके बुजवावीत. चौकटीच्या उरलेल्या लाकडात, नजरेआड असलेल्या बाजूने, १५ सें.मी. अंतरावर खाली उतरती बारीक भोके पाडून वाळवीचे औषध आत सोडावे. लाकडासाठी तेलात किंवा रॉकेलसारख्या द्रावकात मिसळण्याचे औषध अधिक चांगले जिरते. कोणत्याही औषधाच्या लेबलावर इमारतीतील वाळवीचा उल्लेख असेल तरच ते घ्यावे, आणि प्रमाण लेबलाप्रमाणेच ठेवावे.

या कामापूर्वी खोलीतील धान्य दुसरीकडे हलवावे, आणि जमीन पूर्ण सुकून वास गेल्याशिवाय परत आणू नये. विहीर किंवा बोअर दाराजवळ असेल तर जमिनीत औषध जिरवू नये. घरात जुने गॅमेक्झिन किंवा फोरेट पडलेले असेल तर 'वाया कशाला घालवायचे' म्हणून ते चौकटीच्या बुडाशी टाकण्याचा मोह होतो. बीएचसी भुकटीवर १९९७ पासून आणि फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. ज्या उंबरठ्यावर पोर रांगते, तेथे ही विषे नकोतच. जळके ऑइलही राहत्या घरात आणि कोठीत लावू नये. धान्य वास धरते.

भुंगेऱ्यासाठी बोरिक ॲसिड आणि टाकणखार १ : १.५ या प्रमाणात घेऊन त्याचे ५ ते १० टक्के द्रावण कोऱ्या, रंग न लावलेल्या लाकडाला ब्रशने दोन-तीन वेळा द्यावे. हे पावसात धुऊन जाते, म्हणून वर रंग हवाच, आणि जमिनीला टेकणाऱ्या भागात केवळ त्यावर विसंबू नये.

पाय सोडून इतर मोडतोडही होते, ती थोडक्यात सांगते. बिजागरीचे स्क्रू भोकात फिरू लागले तर जाड स्क्रू ठोकून उपयोग नाही. भोक थोडे मोठे करून त्यात सरस लावलेली बाभळीची खुंटी ठोकावी, दुसऱ्या दिवशी ती सपाट कापून त्यात नवा स्क्रू बसवावा. कडी-कोयंड्याच्या बाजूला बाही उभी चिरली असेल, जनावराने धडक दिली की हे हमखास होते, तर चिरेत कागदाच्या तुकड्याने सरस आतपर्यंत ढकलावा. नंतर दोरीचे दोन-तीन वेढे देऊन काठीने पीळ भरावा, गाडीवरचा कडबा आवळतो तसा. बाही भिंतीत असल्याने वेढे देता येत नसतील तर बाहेरून फळी लावून समोरच्या बाहीपर्यंत आडवा टेकू द्यावा. पूर्ण एक दिवस हात लावू नये.

पावसाळ्यात दार अडकते म्हणून लगेच रंधा मारू नये. आधी सुतळीने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, आणि मग उलट. दोन्ही मापे सारखी असतील तर लाकूड केवळ फुगले आहे. दिवाळीनंतर ते आपोआप मोकळे होईल, आणि आज रंधा मारला तर उन्हाळ्यात बोटभर फट पडेल. मापांत फरक असेल तर चौकटच तिरकी झाली आहे. काळ्या जमिनीवरच्या घरांत हे नेहमी घडते, कारण ही जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया तिच्याबरोबर हलतो. तेथे उपाय लाकडावर नसून बाहेर आहे. पागोळ्यांचे पाणी पायापाशी पडू न देता चराने दूर न्यावे.

लोखंडी चौकट बसवली म्हणजे कटकट मिटली, असे पुष्कळांना वाटते. लोखंडी चौकटही त्याच जागी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, गंजून तुटते. ओल तीच असते.

जोड सुकला की बोल्टांची डोकी पुट्टीने झाकून चौकटीला अस्तर आणि तेलरंगाचे दोन हात द्यावेत. फळी बसवण्यापूर्वी जोडावर ओळंबा धरून बाही सरळ आहे ना ते पाहावे, बिजागऱ्यांना तेल द्यावे. मग उंबरठ्यावर एक तांब्या पाणी ओतून ते कोणत्या बाजूला जाते ते पाहावे. बाहीकडे वळत असेल तर टेकू काढण्यापूर्वीच त्या कोपऱ्यात थोडा गिलावा चढवून उतार फिरवून घ्यावा. पहिला पाऊस झाल्यावर आणि पुन्हा दसऱ्याच्या सफाईत, दाभण घेऊन त्याच जागी एकदा टोचून पाहावे.